तार ओढू नकोस

माझ्या बापाने पावरी जाळली, ही गोष्ट आमच्या मंडळीत दर वर्षी सांगतात. नाताळच्या आधी सांगतात, कोणाचा बाप्तिस्मा असला की सांगतात, बाहेरून पाहुणा पाळक आला तर त्याला चहाच्या आधी सांगतात. मी पुढे गिटार घेऊन बसलेला असतो आणि दर वेळी माझं डोकं फिरतं. सांगणाऱ्यांतल्या निम्म्यांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. मी तिथे होतो. सात-आठ वर्षांचा असेन. पावरीचं मेण वितळलं तेव्हाचा वास अजून माझ्या नाकात आहे.

ज्यांनी पावरी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. वाळलेला भोपळा, त्यात बसवलेल्या बांबूच्या दोन नळ्या, पुढे बैलाचं शिंग, आणि सगळे सांधे मधाच्या पोळ्याच्या मेणाने बुजवलेले. एक नळी एकच सूर धरून बसते, दुसरीवर बोटं चालतात. वाजवणारा श्वास तोडत नाही. गाल फुगवून ठेवतो, नाकाने हवा घेतो आणि वाजवतच राहतो. मार्गशीर्षात डोंगऱ्या देवाचे दिवस आले की नवापूरच्या वरच्या पाड्यांत माझ्या बाबांना, म्हणजे रेंग्याला, आणि त्यांचा जोडीदार बाज्याला बोलावणी यायची. दोघं आलटून पालटून वाजवायचे. एकाचा दम संपायला आला की दुसरा त्याच सुरात शिरायचा, नाचणाऱ्यांना कळायचंही नाही.

मग बाबांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांना पावरी जाळ असं कोणी सांगितलं नव्हतं, हे श्रद्धेची साक्ष म्हणून ही गोष्ट रंगवणारे कधी सांगत नाहीत. तेव्हाचे पाळक साधे गृहस्थ होते. ते म्हणाले होते, भिंतीला टांगून ठेव, वाजवू नकोस म्हणजे झालं. पण माझा बाप दारू सोडली तर पेलाही फोडणारा. त्याने सगळ्या मंडळीसमोर स्वतःच्या हाताने ती आगीत घातली आणि मागे वळून पाहिलं नाही. मी पाहिलं. भोपळा तडकला, मेण टपटपलं, आणि शिंगाला सगळ्यात शेवटी आग लागली.

माझा येशूवर राग नाही. हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर मंडळीतले चुनीलालसारखे लोक दुसरंच काही पसरवतील. माझा राग बापावर आहे, आणि तो जुना आहे.

पंधरा-सोळा वर्षांचा असताना माझ्या हाती गिटार आली. मिशनच्या दवाखान्यात विजेचं काम करायला आलेला एक परदेशी माणूस परत जाताना एक पेटी मागे ठेवून गेला. त्यात ही गिटार होती आणि एक कॅसेट होती. गिटार मंडळीच्या गीतांसाठी मला मिळाली, कारण मला हार्मोनियम ऐकून सूर धरता यायचे. कॅसेटवरचं नाव पुसलेलं होतं. ती कोणी गायली आहे हे मला आजही माहीत नाही.

एक म्हातारा आवाज, एक गिटार, बाकी काही नाही. म्हाताऱ्याने एक सूर धरला आणि तो जागेवर ठेवला नाही. तार ओढून वर नेला, पण पूर्ण वरही नेला नाही, मधेच कुठेतरी अडवून धरला. हार्मोनियमवर तो सूर नाही. पांढऱ्या पट्टीत नाही आणि काळ्या पट्टीतही नाही. पण मला तो माहीत होता. तिसरं भोक अर्धं झाकून बाबा तोच सूर काढायचे, आणि बायका हातातलं काम टाकून उभ्या राहायच्या.

माझ्या जागी दुसरा कोणी असता तर रडला असता. मला संताप आला. ही वस्तू आमच्या घरात होती. खुंटीला टांगलेली होती. ती जाळून टाकायची, आणि मग तोच सूर पोराने समुद्रापलीकडच्या कॅसेटमधून ऐकायचा, ही कुठली रीत झाली?

मी बोटं सोलून निघेपर्यंत ती तार ओढायला शिकलो. एक दिवस बाबा दारात येऊन उभे राहिले. घरी आम्ही मावची बोलतो, पण बाबा रागावले की बायबलच्या मराठीत जातात. तेवढीच मराठी त्यांना येते.

"तार ओढू नकोस," ते म्हणाले. "सूर सरळ धर. वाकडे ते देवापासून नाही."

मी विचारलं, मग तुम्ही काय वाजवत होता? त्यांनी माझ्या थोबाडीत मारली. त्यानंतर या विषयावर आम्ही बोललो नाही. मात्र मी गिटार हातात घेतली की जाता-येता तेच एक वाक्य: तार ओढू नकोस. माझं लग्न झालं, केस पांढरे झाले, तरी तेच.

मी नवापूरला सुरत-धुळे हायवेवर गॅरेज टाकलं. डिझेल पंप दुरुस्त करतो. रविवारी चर्चमध्ये सरळ वाजवायचं आणि शनिवारी संध्याकाळी घराच्या पडवीत वाकडं, असं माझं ठरलेलं आहे. नट खोलायचा सतरा नंबरचा लांब, पोकळ सॉकेट करंगळीत घालून मी तारेवर घासतो. लोखंडाचा असल्यामुळे आवाज छान रडका येतो. मावचीत गाणी रचतो. उसाच्या तोडीला गुजरातेत गेलेल्या माणसाचं एक आहे, रस्त्यात बंद पडलेल्या ट्रकचं एक आहे. या प्रकाराला ब्लूज म्हणतात हे मला फार उशिरा, मोबाईल आल्यावर कळलं. अमेरिकेत कापसाच्या रानात राबणाऱ्या काळ्या माणसांनी काढलेलं गाणं, असं तिथे सांगितलं होतं. मला त्यात नवल वाटलं नाही. माझी बायको आशा म्हणते, याचा राग तारेत गेला की घरात भांडी वाजत नाहीत, वाजवू दे त्याला.

बाबा माझ्या घराच्या मागच्या खोलीत राहतात, भिंतीपलीकडे. शनिवारी मी वाजवायला लागलो की त्यांचं दार बंद होतं. इतकी वर्षं तो आवाज मी ऐकतो आहे. कडी लागल्याचा.

या जानेवारीत मंडळीला पन्नास वर्षं झाली. चुनीलाल गॅरेजवर आले. हे आमच्या मंडळीचे सेक्रेटरी, निवृत्त मास्तर, मराठी इस्त्री केल्यासारखी. म्हणाले, सुवर्ण महोत्सव आहे, तुमच्या वडिलांचा सत्कार करायचा आहे, आणि त्यांची साक्ष नाटिकेच्या रूपाने दाखवायची आहे. रेंग्यादादांची भूमिका माझा जावई करणार. शेवटी पावरीचं दहन, आणि दहन होत असताना तुम्ही गिटारवर गीत वाजवायचं.

"फक्त सरळ वाजवा, दानियलभाऊ," ते म्हणाले. "त्या तुमच्या ओढाताणी त्या दिवशी नकोत."

हातात पाना होता, तो मी खाली ठेवला. नाही म्हणणार होतो. पण माझी बहीण एस्तेर मागे लागली. ती रोज येऊन बाबांचं औषधपाणी बघते. बाबांना दमा आहे. उन्हाळ्यापासून त्यांनी उंबरा ओलांडला नव्हता, आणि या कार्यक्रमाला मात्र येतो म्हणाले होते. दादा, त्यांच्यासाठी एक दिवस वाजव, असं तिने म्हटलं आणि मी कबूल झालो.

आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, चर्चच्या पटांगणात मांडवाखाली तालीम होती. साउंडवाला हिंमतराव नंदुरबारहून आला होता. पोटभर हसणारा अहिराणी माणूस. त्याने गिटारला वायर लावली, सूर तपासायचं छोटं मशीन पुढे ठेवलं, आणि मी सवयीने एक तार ओढली तसा तो वाकून बघायला लागला.

"काका, तुम्हनी तार उतरी जायेल शे," तो म्हणाला. "मन्हा मशीनमा लाल दिवा लागी ऱ्हायना."

मी म्हटलं, तो लाल दिवाच मला पाहिजे आहे. त्याला ते पटलं नाही, पण त्याने मशीन बाजूला ठेवलं. दिवसभरात तेवढाच एक माणूस माझ्याशी वाद घालत बसला नाही.

मग मी नाटिकेचं सामान बघायला गेलो. पावरी पुठ्ठ्याची केली असेल, वर रंग मारला असेल, असं मी धरून चाललो होतो. कोपऱ्यात कोंबडीखाद्याचं पोतं होतं. मी त्याचं तोंड उघडलं. आत खरी पावरी होती. चुलीच्या धुराने काळी झालेली, सांध्यांना ताजं मेण लावलेलं, शिंगाला तांब्याची तार गुंडाळलेली. तळपायाची आग मस्तकात गेली म्हणतात ते काय असतं, ते मला तेव्हा कळलं.

मी चुनीलालना विचारलं, ही कुठून आणली? ते म्हणाले, वरच्या पाड्यावरून. अस्सल वस्तू असली की प्रेक्षकांवर परिणाम होतो. फोटोही चांगले येतात.

"आणि उद्या ही जाळणार?"

"प्रतीकात्मक दहन आहे, भाऊ."

"म्हणजे जळणार नाही?"

"जळेल. पण प्रतीकात्मक."

मी पोतं उचललं. त्यांनी दुसऱ्या बाजूने धरलं. दोन पांढऱ्या केसांची माणसं चर्चच्या पायरीवर कोंबडीखाद्याचं पोतं ओढत होती आणि चुनीलालचा जावई मोबाईल बघत होता. शेवटी मीच सोडलं, कारण आतला भोपळा दाबला जात होता. चुनीलालनी पोतं कपाटात ठेवून कुलूप लावलं आणि सांगितलं की ही वस्तू मंडळीला स्वखुशीने मिळालेली आहे, बाज्याच्या बायकोने दिली आहे, शंका असेल तर जाऊन विचारा.

मी मोटरसायकल काढली आणि विचारायला गेलो.

बाज्या जाऊन बरीच वर्षं झाली. त्याने धर्म बदलला नाही आणि बाबांशी पुन्हा बोललाही नाही. त्याची बायको सोमीबाई पाड्यावर एकटी राहते, कंबरेतून वाकलेली, पण कान तिखट. मला बघून तिचा चेहरा इतका उजळला की मला आधी काही सुधरेना. माझा हात धरून ती मावचीत सांगायला लागली. मंडळीची माणसं आली होती, म्हणाली, रेंग्याच्या कार्यक्रमाला पावरी हवी आहे. तिने ऐकलं, रेंग्याला पावरी हवी आहे. बाज्या मरताना तिला सांगून गेला होता, कोणी मागितली तर देऊ नको, रेंग्याने मागितली तर तेवढी दे, तो कधीतरी मागेल. ती वाट बघत होती. दर मार्गशीर्षात पावरी खाली काढून पुसायची, सुटलेलं मेण पुन्हा बसवायची आणि चुलीवरच्या धुरात टांगून ठेवायची, म्हणजे कीड लागणार नाही.

तिने विचारलं, त्याला अजून फुंकर जमते का? बाज्याचं बोट मोडलेलं होतं, म्हणून तिसरं भोक बाजूला पाडलं आहे, ते त्याच्या लक्षात आहे का?

मी तिला काय सांगणार होतो? उद्या चार वाजता ती पावरी पेटत्या घमेल्यात जाणार आहे आणि वर टाळ्या वाजणार आहेत? तिला मोटरसायकलवर बसवून खाली आणावं आणि चुनीलालसमोर उभं करावं, असं माझ्या मनात येऊन गेलं. पण मग ते तिला सांगावं लागलं असतं. मी म्हटलं, लक्षात असेल. तिने दिलेली भाकर खाल्ली आणि उतारावरून गाडी अशी सोडली की वळणावर पडता पडता वाचलो.

घरी एस्तेरशी कडाक्याचं भांडण झालं. मी म्हटलं, बाबांना आत्ताच्या आत्ता सांगतो. ती दारात आडवी उभी राहिली. त्यांचा दम उसळला तर दवाखान्यात तू नेणार का, असं विचारलं. आणि वर म्हणाली,

"पहिली कोणी जाळली, दादा? त्यांनीच ना? मग दुसरीचं त्यांना काय वाटणार आहे?"

तरी मी तिला बाजूला करून आत गेलो. बाबा भिंतीकडे तोंड करून पडले होते. उशाशी दम्याचा पंप. माझ्या पावलांवरून त्यांनी मला ओळखलं आणि मी तोंड उघडायच्या आत, न वळता, मराठीत म्हणाले, "उद्या सरळ वाजव."

पावरीचं न सांगता मी तसाच वळलो. मी बाहेर आलो. म्हटलं, खड्ड्यात जा सगळे. मी स्वतःच काय ते करीन. घमेल्याजवळ बसायचं, जावई पावरी घेऊन आला की हिसकावून घ्यायची, आणि मग मंडळीने मला काढून टाकलं तरी बेहत्तर. त्यापुढचं मी ठरवलं नव्हतं. रागात माणूस तेवढंच ठरवतो.

रविवारी मांडव भरला होता. नवे पाळक पाहुण्यांच्या गडबडीत होते आणि बाकी सगळं चुनीलालच्या हातात होतं. बाबांना पहिल्या रांगेत खुर्ची दिली होती. अंगात कोट, गळ्यात हार, बाजूला एस्तेर. मी माझी खुर्ची घमेल्याच्या इतकी जवळ ओढली की धग गुडघ्याला लागत होती. हिंमतरावने वायरची काळजी म्हणून दोनदा मागे सरा सांगितलं. मी सरलो नाही.

जावई आला. कंबरेला धोतराचा तुकडा, डोक्याला फडकं, आणि पायात पांढरे बूट. दारू प्यायल्याचं नाटक करत तो भेलकांडला, लोक हसले. मग त्याने पावरी तोंडाला लावून फुंकली. भसकन घाणेरडा आवाज निघाला आणि लोक आणखी हसले. मी बाबांकडे पाहिलं. ते हसत नव्हते. मान पुढे काढून बघत होते.

आता दहनाआधी जावयाने पावरी बाबांपुढे धरायची, बाबांनी तिला हात लावायचा आणि फोटो काढायचा, असं चुनीलालनी बसवलं होतं. जावई तिकडे गेला. चुनीलालनी मला खूण केली, गीत सुरू करा. मी गीत सुरू केलं नाही. तिसरी तार धरली आणि ओढली. डोंगऱ्या देवाच्या चालीतला तो एकच तुकडा, बायकांना उभं करणारा, मला पाठ होता. तो मोठ्या आवाजात मांडवभर गेला. पुढच्या रांगेतले म्हातारे एकमेकांकडे बघायला लागले. त्यांना कळलं होतं.

चुनीलाल हिंमतरावकडे धावले. आवाज बंद करा म्हणाले.

"गाणं चालू शे, सर," हिंमतराव म्हणाला. "मधमा कसं बंद करू?"

तिकडे बाबांनी पावरीला हात लावला होता आणि तो काढला नव्हता. जावई ओढत होता, बाबा सोडत नव्हते. त्यांनी शिंगावरच्या तांब्याच्या तारेवरून बोट फिरवलं. मग नळीवरून. तिसरं भोक जिथे असायला हवं तिथे बोट थांबलं, चाचपलं, बाजूला सरकलं आणि बरोबर बसलं. मी वाजवायचा थांबलो. बाबांच्या छातीची घरघर मला ऐकू येत होती.

"ही बाज्याची आहे," ते मराठीत म्हणाले.

चुनीलाल पुढे झाले. दादा, हे फक्त प्रतीक आहे, तुमच्याच साक्षीचं, असं काहीतरी समजावायला लागले.

"मी माझी जाळली," बाबा म्हणाले. एकेका शब्दाला त्यांना श्वास घ्यावा लागत होता. "बाज्याची जाळली नाही. स्वतःचे अग्नीत टाकणे ही साक्ष आहे. दुसऱ्याचे टाकणे ही चोरी आहे."

पन्नास वर्षं ज्या माणसाच्या नावावर हे लोक उपदेश करत होते, त्याने त्यांना भर मांडवात चोर म्हटलं होतं. मला टाळी वाजवावीशी वाटली. जावयाने पावरी सोडली आणि गुपचूप मागे जाऊन उभा राहिला.

बाबांनी पावरी मांडीवर सरळ केली, गळ्यातला हार बाजूला केला आणि ती तोंडाला लावली. गाल फुगले. नुसती हवा निघाली. पुन्हा फुंकलं, पुन्हा हवा, आणि मग खोकल्याची उबळ आली. एस्तेर पंप घेऊन वाकली. त्यांनी पंप ओढला, तिचा हात बाजूला सारला आणि माझ्याकडे पाहिलं.

"वाजव," ते म्हणाले.

मी विचारलं, काय वाजवू?

"मघाशी वाजवत होतास ते."

मी तार धरली आणि ओढली. त्यांनी मान कलती केली, कान माझ्याकडे केला. सूर आपल्या जागी गेला, तिथे मी तो धरून ठेवला. चाळीस वर्षांत मी तो याहून चांगला कधी काढला नव्हता. बाबांनी मान हलवली. होकाराची नव्हे.

"कमी पडतो," ते म्हणाले. "तो तिथे नाही. थोडा वर आहे. रोज तू तिथेच थांबतोस. अजून ओढ."

हे त्यांनी मावचीत सांगितलं. मी इथे मराठीत लिहितो आहे, पण बोलले ते मावचीत. माझा बाप रागावला की मराठीत जातो, आणि या वेळी तो रागावलेला नव्हता.

मला समजायला एक क्षण लागला. रोज तू तिथेच थांबतोस. म्हणजे ते ऐकत होते. शनिवारी कडी लावून भिंतीला कान देऊन बसत होते. मी कुठे कमी पडतो हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मी बोटं सोलली, कॅसेट झिजवली, मी ज्याला शोधत म्हातारा झालो तो सूर भिंतीपलीकडे जिवंत बसला होता, आणि त्याने इतक्या वर्षांत एकदाही सांगितलं नाही की बाळा, थोडं वर. त्याऐवजी म्हणत राहिला, तार ओढू नकोस. इतका राग मला उभ्या आयुष्यात आला नव्हता. चुनीलालचा राग त्यापुढे काहीच नव्हता. गिटार घमेल्यात टाकून चालतं व्हावं, असं वाटलं. तुमच्यासारखीच मीही जाळतो, घ्या.

"तार तुटेल, बाबा," मी म्हणालो.

"तुटू दे."

त्यांची बोटं पावरीवर चढली होती. फुंकर नव्हती, पण बोटं जागेवर होती. तिसरं बोट बाजूच्या भोकावर अर्धंच टेकवून ते माझ्याकडे बघत थांबले, जोडीदार शिरायची वाट बघावी तसे.

मी दात ओठ खाऊन तार धरली आणि बापाच्या नावाने ओढली. माझ्या नेहमीच्या जागेपर्यंत गेली, तिथे बोट दुखलं, तिथून मी ती आणखी वर ढकलली. हिंमतराव कोणाला तरी सांगत होता की लाल दिवा लागला आहे. तार तुटली नाही.

या वेळी बाबा काही बोलले नाहीत.